गळ्याचं माप

“पाचही ब्लाउज बंद गळ्याचे शिवायचे. कॉलरचे,” मुळीकवहिनी म्हणाल्या आणि कापडांचा गठ्ठा त्यांनी माझ्या बेतायच्या टेबलावर ठेवला. “हळदीचा, लग्नाचा, पूजेचा, सगळे तसलेच.”

मी त्यांच्या मुलीकडे पाहिलं. वैजयंती दाराशी उभी होती. फाल्गुनातलं ऊन तापायला लागलं होतं, रस्त्यावरची माणसं घाम पुसत चालली होती, तरी या पोरीनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट गुंडाळून घेतला होता.

“लग्न कधी आहे वहिनी?” मी विचारलं.

“अक्षय तृतीयेचं.”

“म्हणजे भर वैशाखात. आणि कॉलर?”

“हो, कॉलर,” वहिनी म्हणाल्या.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. विट्यात बाजारपेठेच्या तोंडाशी माझं दुकान होतं, मुकुंद हेंद्रे, लेडीज टेलर. बाप-आज्यापासून आमचं शिंप्याचं काम. पण ब्लाउजांत नाव काढलं ते मी, आणि तेही गळ्यांसाठी. बाईचा चेहरा बघून कोणता गळा शोभेल ते मी सांगायचो आणि बहुतेक बायका ऐकायच्या. लांब मानेच्या बाईला बोटनेक द्यावा, म्हणजे मान उगाच उंटासारखी वर येत नाही. गळ्याची हाडं वर आलेली असली तर खोल गळ्याच्या वाटेला जाऊ नये, पानगळा घ्यावा. खांदे रुंद असले तर गळा उभा उतरवावा, खांदे पडके असले तर चौकोनी. माझी बायको इंदू आतल्या पडद्यामागं बायकांची मापं घ्यायची आणि मी पडद्याबाहेर उभा राहून वहीत लिहायचो. बाईच्या अंगाला माझा हात कधी लागला नाही, आणि म्हणूनच विट्यातल्या चांगल्या घरच्या बायका माझ्याकडे येत. त्यांतली निम्मी घरं गलाईवाल्यांची. घरची पुरुषमाणसं दूर दक्षिणेत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आणि बायका इथं घर, शेती, सोयरिकी सांभाळणार. वैजयंतीचे वडील संपतराव मुळीक असेच सेलमला होते. वर्षातून दोनदा येत.

मला राहवेना. मी म्हणालो, “वहिनी, राग मानू नका. वैजूताईचा चेहरा गोल आहे, मान आखूड आहे. हिला कॉलर दिली तर डोकं खांद्यावर ठेवल्यासारखं दिसेल. फोटोत तर फारच. हिला गळा खाली टोकदार उतरवायचा, व्ही. फार खोल नाही, चार बोटं. चेहरा कसा लांबट होतो ते बघा.”

वैजयंतीच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. “मी पण तेच म्हणत होते,” ती म्हणाली. “मला व्हीच पाहिजे होता.”

“तुला काय कळतंय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण पोरगी गप्प झाली. “मास्तर, तुम्ही सांगितलं तेवढं करा. सासरची माणसं जुन्या वळणाची आहेत.”

ते काही खरं वाटलं नाही. नवऱ्या मुलाच्या बहिणींचे खोल गळ्याचे ब्लाउज मीच शिवत होतो. पण गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा? इंदू टेप घेऊन उठली. वैजयंती तिच्या मागं पडद्याआड जाऊ लागली तशा वहिनी चटकन पुढं झाल्या.

“बाकीची मापं तुम्ही घ्या. गळ्याचं मी धरते.”

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आतून इंदूचा आवाज येत गेला, छाती तेहतीस, कंबर अठ्ठावीस, आणि शेवटी वहिनींचा, “गळा पावणेतेरा.” मी लिहून घेतलं.

त्या गेल्यावर इंदू म्हणाली, “कोड असेल.”

“काय?”

“गळ्यावर पांढरा डाग असेल. नाहीतर आई स्वतः टेप कशाला धरील?”

मलाही ते पटलं. लग्नाच्या पोरीचं कोड झाकायला आलेली ही काही पहिली आई नव्हती. आम्ही तो विषय तिथंच सोडला.

रंगपंचमीनंतर मी पहिला ब्लाउज कच्च्या टाक्यांवर तयार केला आणि ट्रायलला बोलावलं. मायलेकी पडद्याआड गेल्या. बराच वेळ कुजबुज चालली होती. मग वहिनी बाहेर आल्या.

“मास्तर, गळ्याचा हुक लागत नाही. अर्धा इंच कमी पडतंय.”

“असं होणार नाही.”

“झालंय खरं.”

माझा चेहरा पडला असेल. बावीस वर्षं मी कात्री चालवत होतो, चूक झालीच तर एखाद्या सुताची. अर्धा इंच म्हणजे नवशिक्याचं काम. मी वही काढून बघितली, कापड मोजलं. कापड बरोबर पावणेतेराच होतं.

“अंगात कसा बसतोय?” मी विचारलं.

“बाजूला सैल आहे,” पडद्याआडून वैजयंती म्हणाली. “दोन्हीकडं बोटबोट चिमूट निघतेय.”

मी वहीत पहिल्या मापांखाली नवी मापं लिहिली. गळा सव्वातेरा. छाती बत्तीस. कंबर सत्तावीस. लिहिताना मनाला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते कळलं नाही. लग्न ठरलेल्या पोरी वाळतात, काळजीनं म्हणा, हौसेनं म्हणा. मी तेच स्वतःला सांगितलं.

वैजयंती बाहेर आली तेव्हा ती मनगट खाजवत होती. मनगटावर लाल ओरखडे उठले होते.

“कापड टोचतंय का?” इंदूनं विचारलं.

“कापड नाही काकू. असंच अंग खाजतं. संध्याकाळी जरा कणकण येते. आई म्हणते, लग्नाच्या काळजीनं.”

“चल,” वहिनी म्हणाल्या.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मी आता कॉलर उसवून अर्धा इंच मोठी केली होती, बाजू आत घेतल्या होत्या. या वेळी काहीही खोट निघणार नाही अशी माझी खात्री होती. वहिनींना समोरच्या सोनाराकडे डोरल्याची घडण बघायची होती. “तू घालून तर बघ, मी आलेच,” असं म्हणून त्या रस्ता ओलांडून गेल्या. वैजयंती आत गेली आणि तिला मागचे हुक लागेनात, म्हणून तिनं इंदूला हाक मारली.

मी मशीनवर दुसरं काहीतरी शिवत बसलो होतो. आतून काहीच आवाज येत नव्हता. मी पाय थांबवला. मग इंदू पडदा सारून बाहेर आली. टेप तिच्या हातात तसाच लोंबत होता. तिनं माझ्या कानाशी वाकून सांगितलं.

“चौदा आहे.”

“काय चौदा?”

“गळा. आणि कोड नाही हो. डाव्या बाजूला, मान खांद्याला मिळते तिथं, गाठी आहेत. तीन. एक तर आवळ्याएवढी. हाताला दगडासारखी लागते. मी विचारलं दुखतं का, तर म्हणते अजिबात नाही.”

“बाजूला?”

“बाजूला पुन्हा सैल.”

मी वहीकडे पाहिलं. एका पानावर, एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. पावणेतेरा, सव्वातेरा, चौदा. तेहतीस, बत्तीस आणि आज एकतीस. महिन्याभरातली ही मापं. एवढी वर्षं मी बायकांची अंगं भरताना आणि उतरताना वहीत बघितली होती, पण सगळं अंग उतरतंय आणि एकटा गळा वाढतोय असं कधी पाहिलं नव्हतं.

मुळीकवहिनी दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी इंदूच्या हातातला टेप पाहिला आणि त्यांना सगळं समजलं.

“वैजू,” त्यांनी आत हाक मारली, “कपडे बदल आणि सोनाराकडं जाऊन बस. डोरलं काढून ठेवलंय, बघून घे. मी येते.”

पोरगी गेली. वहिनी बाकावर बसल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्या रडल्या नाहीत.

“दिवाळीला एकच होती, चिंचोक्याएवढी,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरला दाखवलं. तिला बाहेर बसवून तो मला म्हणाला, मिरजेला न्या, तुकडा काढून तपासायला लागेल.”

“मग?”

“मग काय? गळ्याचा तुकडा काढणार. गळ्यावर व्रण पडणार. मास्तर, माझी नणंद क्षयानं गेली. त्या एका गोष्टीवरून वैजूची दोन स्थळं माघारी गेली. ही तिसरी सोयरीक जुळली. आता मी पोरीला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात जाऊन बसू? चार दिवसांत गावभर होईल.”

“संपतरावांना माहीत आहे?”

“नाही. आणि होणार पण नाही. लग्न झालं की मीच जावईबापूंच्या कानावर घालीन. बायको झाल्यावर कोण टाकतंय? ते करतील औषधपाणी.”

“वहिनी, महिन्यात सव्वा इंच वाढलंय,” मी म्हणालो.

“तुम्ही शिंपी आहात की डॉक्टर?”

वहिनी उठल्या आणि टेबलाजवळ आल्या. त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, जसं अस्तराचं कापड कोणतं घ्यायचं ते विचारावं तसं.

“हे तुमच्या दुकानाबाहेर गेलं तर मी एकच गोष्ट सांगेन. हेंद्रे मास्तरांनी माप घ्यायच्या नावाखाली माझ्या पोरीच्या गळ्याला हात लावला. पडद्याआड. मग कोणती बाई तुमच्या दारात येते ते बघा.”

इंदू म्हणाली, “वहिनी, मी होते आत.”

“तुम्ही त्यांची बायको. तुमचं कोण ऐकतंय?” त्या दारापर्यंत गेल्या, मग वळल्या. “कॉलर चौदाची नको. साडेचौदाची करा. आणि डाव्या बाजूला काहीतरी करा, फुगवटा दिसणार नाही असं. तुमचं नाव आहे म्हणूनच तुमच्याकडं आले.”

आणि मी ते केलं.

हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. कॉलरला मी कडक कॅनव्हास न घालता मऊ अस्तर घातलं. डाव्या बाजूला खांद्यापासून वर चढत जाणाऱ्या बारीक चुण्या घेतल्या आणि चुण्यांच्या कडेनं जरीची पट्टी फिरवली. नजर पट्टीवर जायची आणि तिथून सरळ उजव्या खांद्याकडे घसरायची. लाकडी पुतळ्यावर ब्लाउज चढवून मी चार पावलं मागं सरकून बघितलं. काम फार सुंदर झालं होतं. क्षणभर मला त्याचा अभिमान वाटला. मागं इंदू उभी होती. ती आत निघून गेली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. इंदू म्हणायची, “तुम्ही बोलत नसाल तर मी जाऊन पोरीला सांगते.” मी म्हणायचो, “थांब.” ती म्हणायची, “कशासाठी थांबायचं?” दुकान जाईल, ही भीती तर होतीच. पण त्याहून मोठी भीती त्या आरोपाची होती. बावीस वर्षं मी ज्या एका गोष्टीवर उभा होतो, तीच ती बाई माझ्या पायाखालून काढणार होती. मी संपतरावांना कार्ड लिहिलं. पत्ता त्यांच्या भावाकडून काहीतरी निमित्त सांगून मिळवला. ‘आपल्या मुलीची प्रकृती दाखवून घ्यावी’ एवढंच लिहिलं, खाली नाव घातलं नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि वाटलं, अक्षर ओळखलं तर? कार्ड फाडलं. आठवड्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं.

हनुमान जयंतीला देवळात वैजयंती दिसली. भर गर्दीत, पदर तसाच गुंडाळलेला. चेहरा आता गोल राहिला नव्हता. गालाची हाडं वर आली होती. कोणी ओळखीची बाई तिला म्हणाली, “नवरीचा थाट आला गं, बारीक झालीस.” वैजयंती हसली आणि मग खोकली. खोकला लवकर थांबेना. नारळ फोडायचा राहिला आणि मी तसाच घरी आलो.

पाडव्यानंतर तिसरा आठवडा संपला असेल. भर दुपार होती, बाजारपेठ निजली होती. वैजयंती एकटी दुकानात आली. धापा टाकत होती. इंदूनं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

“आई मामांकडं पत्रिका द्यायला गेलीय,” ती म्हणाली. “मास्तर, मला एक खरं सांगा. तुम्ही गळा लहान शिवत होता की माझा गळा वाढतोय?”

मी कात्री खाली ठेवली. सांगण्यासारखी एक खोटी गोष्ट माझ्या तोंडाशी आली होती. कापड आटलं असेल, मीच चुकलो असेन, असलं काहीतरी. इंदू माझ्याकडे बघत होती. नुसती बघत राहिली.

मी मापांची वही काढली, तिचं पान उघडलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

वैजयंती मॅट्रिक झालेली होती. तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. गळ्याचे आकडे वरून खाली, मग छातीचे, मग कंबरेचे. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. मग तिनं पदर सोडला आणि स्वतःचा हात मानेवर ठेवला. आता गाठ पदराशिवाय झाकण्यासारखी राहिली नव्हती, लांबूनही ती दिसली असती. दुकानाच्या आरशात तिनं ती पाहिली.

“आईनं घरातला आरसा काढून ठेवलाय,” ती म्हणाली. “म्हणाली, लग्नाआधी फुटायला नको.”

इंदूनं तोंडावर पदर धरला.

“वैजूताई, उद्या मिरजेला चला. मी येतो, इंदू येते,” मी म्हणालो. कोण जाणे कुठून ते धाडस आलं.

“तुमच्याबरोबर गेले तर तुमचं काय होईल ते मला माहीत आहे. आई घरात स्वतःशीच बोलताना मी ऐकलंय.” मग म्हणाली, “सहा दिवसांनी आबा येणार आहेत सेलमहून. मी त्यांना तोंडानं सांगायला गेले तर आई बोलू देणार नाही. ती म्हणेल, लग्न नको म्हणून पोरगी नाटकं करते. म्हणून मला एक ब्लाउज शिवून द्या. सुती, घरात घालायचा. व्ही गळ्याचा. तुम्ही म्हणाला होता तसा.”

“खोल किती?” मी विचारलं. शिंप्याच्या तोंडून आणखी काय निघणार?

“पदर खाली पडला की आबांना दिसेल एवढा.”

मी मान हलवली.

“आणि आणखी एक. आईला आधीपासून माहीत होतं, हे आबांना कळता कामा नये. आबांचा स्वभाव मला ठाऊक आहे, ते तिला घरात ठेवणार नाहीत. आणि मला दवाखान्यात आई लागेल, मास्तर. माझ्याजवळ दुसरं कोण राहील?”

तो ब्लाउज मी त्याच दुपारी शिवला. ती बाकावर बसून राहिली. इंदू तिच्याशी काही ना काही बोलत होती, उन्हाळ्याचं, पापड वाळवायचं. गळ्याला मी पाइपिन लावली नाही, साधी दुमड घातली. खडबडीत कड तिच्या कातडीला टोचू नये एवढंच मनात होतं. ब्लाउज पिशवीत घालून ती गेली तेव्हा रस्त्यात अजून माणूस नव्हतं.

पुढचं मला मुळीकांच्या शेजारच्या बाईकडून समजलं. संपतराव सकाळच्या गाडीनं आले, आंघोळ करून सोप्यात चहाला बसले. वैजयंती चहा घेऊन आली. वाकून कप ठेवताना तिनं पदर खांद्यावरून खाली येऊ दिला आणि उचलला नाही. संपतरावांनी कप हातात घेतला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. “इकडं ये,” म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी मानेला हात लावला. “कधीपासून?” त्यांनी विचारलं. वैजयंती म्हणाली, “थोडे दिवस झाले.” वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. संपतरावांनी भावाला बोलावून सांगितलं, “जीप काढ.” लग्न पुढं ढकलल्याचा निरोप त्यांनी मिरजेहून पाठवला. मिरजेहून त्यांना मुंबईला पाठवलं. नवऱ्या मुलाकडच्या माणसांनी अक्षय तृतीयेआधीच सोयरीक मोडली. सगळ्यांना बरं दिसेल अशा शब्दांत मोडली.

तीन आठवड्यांनी मुळीकांची जीप माझ्या दुकानापुढं येऊन थांबली. संपतराव उतरले. मागं त्यांचे दोन भाऊ उतरले, दोघेही पैलवान गडी. जीपच्या मागच्या बाकावर मुळीकवहिनी बसल्या होत्या. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती उठून गेली. इंदू माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी मनात म्हणालो, आज दुकान जातंय.

“तुम्हीच हेंद्रे?” संपतरावांनी विचारलं.

“हो.”

“तुम्ही तिला वही दाखवलीत. पोरगी बोलली मला.”

“हो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“कळलं म्हणजे?”

“गाठ आहे हे. तारीख सांगा.”

“पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी,” मी म्हणालो.

“आणि वही कधी दाखवलीत?”

मी दिवस सांगितला. ते उभ्या उभ्या बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. सोनं तोलणारा माणूस, घाई त्यांना माहीत नव्हती.

“वीस दिवस,” ते म्हणाले.

आकडा बरोबर होता.

“कोणाला सांगितलंत मधल्या काळात? माझ्या घरात कोणाला? माझ्या बायकोला?”

भाऊ माझ्याकडे बघत होते. रस्त्यापलीकडून सोनारही बघत होता. जीपमध्ये वहिनींनी मान वर केली. पदराखालून त्यांचे डोळे मला दिसले. मी उभं आयुष्य लोकांचे डोळे बघत आलोय, पण तसे डोळे पुन्हा कधी पाहिले नाहीत.

“नाही,” मी म्हणालो. “कोणाला नाही. मला एकट्यालाच माहीत होतं.”

इंदूचा हात माझ्या दंडाला लागला. मग तिनं तो काढून घेतला.

मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. संपतराव टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिले.

“डॉक्टर म्हणाले, छातीत उतरलंय. म्हणाले, महिनाभर आधी आणली असती तर...” ते थांबले. “मी लांब होतो. मला कळायला मार्ग नव्हता. तुम्हाला होता.”

एवढं बोलून ते गेले. भाऊ गेले. जीप वळली.

वैजयंती चौदा महिने जगली. बरेचसे दिवस मुंबईत, दवाखान्याजवळच्या एका खोलीत. वहिनी तिच्याजवळ होत्या, एक दिवसही सोडून आल्या नाहीत असं लोक सांगत. पोरीचे केस गेले, मग परत थोडे आले. मधे एकदा बरं वाटलं म्हणून विट्याला आणली होती, तेव्हा इंदू जाऊन भेटून आली. मी गेलो नाही. पुढच्या आषाढात ती गेली.

त्या वर्षभरात माझ्याकडे येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. वहिनी कोणाला काही बोलल्या नव्हत्या, पण ‘शिंप्याला माहीत होतं आणि तो गप्प बसला’ हे गावात पसरलं होतं. ते खोटं नव्हतं, म्हणून मी कोणाशी वाद घातला नाही.

भाद्रपदात एका सकाळी मुळीकवहिनी दुकानात आल्या. एकट्या, पायी. त्या किती म्हाताऱ्या दिसत होत्या. बाकावर बसल्या.

“मी यांना सांगितलं,” त्या म्हणाल्या.

“काय सांगितलं?”

“मला दिवाळीपासून माहीत होतं, हे. तेराव्यानंतर सांगितलं. त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण मला गिळवेना.”

“मग?” इंदूनं विचारलं.

“सेलमला गेले. आता येणार नाही म्हणाले.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तुम्ही त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत, मास्तर? मी तर तुमच्यावर काय काय घालणार होते.”

“वैजूताईनं सांगितलं होतं,” मी म्हणालो. “तिला दवाखान्यात तुम्ही हव्या होता.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पोरीला सगळं माहीत होतं आणि चौदा महिने तिनं ते आईला कळू दिलं नाही, हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. इंदूनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, “हातशिलाईचं काम असलं तर द्या मला. पैसे नकोत. घरात बसवत नाही.”

त्यांना नको म्हणायचा हक्क माझ्याकडे होता का, ते मला समजेना. इंदूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं शेजारची चटई झटकली, त्यांच्यासाठी जागा केली आणि हुकांची डबी त्यांच्यापुढं सरकवली.